बेब रूथचा संघ आणि कालचा संघ: सिम्युलेशन बेसबॉलमधला समतोल

१९२० साली बेब रूथने न्यूयॉर्क यँकीजकडून ५४ होमरन मारले; होमरन म्हणजे बेसबॉलमधला षटकारच. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) त्याच्या मागे होता जॉर्ज सिस्लर, १९ होमरनसह. लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला मिळूनही रूथइतके होमरन जमले नाहीत. आता समजा तुमच्या वाट्याला टॅम्पा बे रेज हा १९९८ साली मैदानात उतरलेला संघ आला आहे, समोरच्याकडे यँकीज आहेत, आणि दोघांनाही आपापल्या संघाच्या सगळ्या इतिहासातून हवा तो खेळाडू घ्यायची मुभा आहे. लढत बरोबरीची व्हावी म्हणून काय करायचं?

हा प्रश्न अनेकांना दरवर्षी खरोखर पडतो. अमेरिकेत आकडेवारीवर चालणाऱ्या बेसबॉल खेळांची, म्हणजे सिम्युलेशन बेसबॉलची, परंपरा जुनी आहे. डिक सिट्झ यांनी १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून 'ॲपबा' हा कार्ड आणि फाशांचा खेळ विकायला सुरुवात केली. १९६१ साली हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या खऱ्या हंगामातल्या कामगिरीवरून बेतलेले निकाल, आणि फासे टाकून खेळायचा सामना, अशी त्याची रीत. पुढे फाशांचं काम कॉम्प्युटरने घेतलं आणि 'थीम लीग' वाढल्या. दहा-वीस मित्र जमतात, एक सूत्र ठरवतात आणि त्याच्या चौकटीत संघ बांधतात. यातलं सर्वांत लाडकं सूत्र म्हणजे ऐतिहासिक फ्रँचायझी: प्रत्येकाने एक संघ घ्यायचा आणि त्याच संघाकडून कधी ना कधी खेळलेल्यांतून आपले पंचवीस जण निवडायचे.

सूत्र सुंदर आहे, पण मुळातच वाकडं आहे. आपल्याकडे रणजी संघांची अशी लीग काढली तर मुंबईवाल्याकडे विजय मर्चंट, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर. आणि विदर्भाचा सुवर्णकाळ सुरू होतो तो थेट २०१७-१८ साली. वसीम जाफर मात्र दोघांकडेही असेल. मुंबईचा तरुण जाफर वेगळा, आणि चाळिशी गाठल्यावर विदर्भाकडून हंगामात हजारावर धावा काढणारा जाफर वेगळा.

जाफरच्या या उदाहरणात सिम्युलेशनचा पहिला नियम आहे. इथे माणूस निवडत नाहीत, त्याचा एक हंगाम निवडतात. १९१६ सालचा बेब रूथ बोस्टन रेड सॉक्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. त्याने २३ सामने जिंकले आणि त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगच्या एका पूर्ण सामन्यामागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, होता फक्त १.७५. होमरन तीन. १९२१ सालचा यँकीजचा रूथ ५९ होमरन मारणारा फलंदाज आहे. लीगच्या दृष्टीने हे दोन वेगळे खेळाडू, दोन वेगळ्या मालकांचे. म्हणून नावावर बंदी घालून समतोल साधायला जाणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही. नावात वजन नसतं, हंगामात असतं.

मग हंगामाचं वजन कसं करायचं? पहिली अडचण काळाची. १९६८ साली अमेरिकन लीगमध्ये बॅटिंग ॲव्हरेजचा किताब कार्ल यास्ट्रेम्स्कीने जिंकला तो .३०१ वर, म्हणजे दर हजार संधींमागे ३०१ हिट (यशस्वी फटके). १९३० साली नॅशनल लीगमध्ये बिल टेरीची ॲव्हरेज होती .४०१. नुसते आकडे पाहिले तर टेरी शंभर पावलं पुढे. पण १९६८ हे पिचरांचं राज्य असलेलं वर्ष होतं. यास्ट्रेम्स्कीच्या लीगची एकूण ॲव्हरेजच .२३० होती. त्या वर्षानंतर पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला आणि स्ट्राइक झोनही, म्हणजे फलंदाजासमोरचा वैध चेंडूचा पट्टाही, आक्रसला. टेरीच्या वर्षी उलट परिस्थिती, अख्ख्या नॅशनल लीगची ॲव्हरेज .३०३. भागाकार करून पाहा. यास्ट्रेम्स्की आपल्या लीगपेक्षा ३१ टक्के वर होता, टेरी ३२ टक्के. म्हणजे दोघे जवळजवळ शेजारी!

हा फरक लीगमध्ये कसा उतरतो ते स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या कार्डावरून छान कळतं. तिथे एक फासा ठरवतो की निकाल कुणाच्या कार्डावर वाचायचा. १, २, ३ पडलं तर फलंदाजाच्या, ४, ५, ६ पडलं तर पिचरच्या. निम्मा निकाल पिचरच्या हाती, म्हणून फलंदाजाचं कार्ड त्याच्या खऱ्या आकड्यापेक्षा गरम करावं लागतं, तेव्हा कुठे दोन्ही मिळून मूळ आकडा जुळतो. ढोबळ हिशेब केला तर टेरीच्या कार्डाला सुमारे .४९९ ची उष्णता लागते आणि यास्ट्रेम्स्कीच्या कार्डाला .३७२ ची. ही दोन्ही कार्डं .२६० ॲव्हरेजच्या साध्या पिचरांसमोर ठेवली तर टेरी .३८० मारेल आणि यास्ट्रेम्स्की .३१६. काळाचा हिशेब धरून, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या लीगच्या तुलनेत मोजून खेळवलं, तर दोघेही .३४० च्या आसपास येतात. एकाच माणसाच्या किमतीत किती उलथापालथ झाली पाहा. या कामाला नॉर्मलायझेशन म्हणतात. ते केलेलं नसेल तर ज्या फ्रँचायझीकडे १९२० आणि ३० च्या दशकांतले फलंदाज आणि १९६८ चे पिचर आहेत, ती बसल्या जागी श्रीमंत होते.

पिचरांचंही तसंच. बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ ईआरए दंतकथेसारखा सांगितला जातो, आणि सांगावा असाच आहे. पण त्याच्या लीगचा ईआरए २.९९ होता. पेड्रो मार्टिनेझने २००० साली १.७४ काढला, तो ४.९१ च्या लीगमध्ये. प्रमाण काढलं तर पेड्रो किंचित सरस ठरतो.

नॉर्मलायझेशन आंधळेपणाने केलं तर मात्र तेच घात करतं. रूथच्या १९२० च्या लीगमध्ये सात होमरनमागे जवळपास एक त्याचा होता. आजच्या एका लीगमध्ये हंगामाला दोन हजारांहून कितीतरी जास्त होमरन होतात. 'सातातला एक' हे गुणोत्तर जसंच्या तसं लावलं तर रूथ हंगामात तीनशेच्या वर होमरन मारेल. जे दुर्मीळ होतं त्याला गुणाकार लावला की आकडा फुगतोच. म्हणून चांगल्या लीगमध्ये सरासरीशी भागाकार करून थांबत नाहीत. त्या काळात खेळाडूंमधलं अंतर एरवी किती होतं तेही पाहतात आणि त्या अंतराच्या मापाने खेळाडू किती वर होता ते ठरवतात. असं मोजलं तरी रूथ पहिलाच येतो, फक्त माणसासारखा येतो.

मैदानाचं थोडक्यात सांगतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो. त्यामुळे कोलोरॅडो रॉकीजच्या फलंदाजांचे आकडे मैदान वजा करून मोजावे लागतात. फिलाडेल्फिया फिलीजचं जुनं बेकर बोलही असंच होतं, उजव्या बाजूची भिंत जेमतेम २८० फुटांवर. १९३० साली फिलीजची संघ म्हणून ॲव्हरेज .३१५ होती आणि त्यांनी १०२ सामने गमावले, कारण त्यांच्या पिचरांचा ईआरए ६.७१ होता. त्या संघातला चक क्लाइन .३८६ आणि ४० होमरन घेऊन येतो. मैदानाचा हिशेब न करता त्याला विकलात तर फिलीजच्या मालकाची चांदी.

एवढं झालं की प्रत्येक हंगामाला एक किंमत लावता येते. सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा हा किती धावा जास्त मिळवून देतो किंवा वाचवतो, हा तिचा पाया. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, असं बेसबॉलमध्ये धरतात. मग सगळ्यांना सारखी सॅलरी कॅप द्यायची: इतक्या पैशांत संघ बसवा. किंमत सरळ रेषेत चढू नये, वरच्या टोकाला जास्त चढी असावी. मैदानात नऊच जागा असतात. एकाच जागेवर नऊ विजय देणारा खेळाडू बसला की उरलेल्या आठ जागा सुधारायला मोकळ्या राहतात. तीन जागांवर तीन-तीन विजय देणाऱ्यांनी ती सोय होत नाही. ज्या लीगमध्ये ही चढण नसते तिथे सगळे मालक दोन-तीन महान ताऱ्यांमागे धावतात आणि ते तारे कुणाकडे असतात हे सांगायला नको.

बहुतेक लीग इथे थांबतात. कॅप सारखी आहे, किंमती न्याय्य आहेत, आता सगळे समान, असं मानतात. माझं म्हणणं आहे की खरी विषमता इथून पुढे सुरू होते.

यँकीजचं सामर्थ्य रूथ, गेरिग, डिमॅजिओ, मँटल यांत आहे असं आपल्याला वाटतं. कॅप लागली की हे चौघे एकत्र परवडतच नाहीत, त्यामुळे ते सामर्थ्य आपोआप आटोक्यात येतं. कॅपने आटोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे निवडीची रुंदी. यँकीजचे १२० हंगाम आणि दर हंगामाला चाळीस खेळाडू धरा, झाले ४,८०० खेळाडू-हंगाम. रेजचे १९९८ ते २०२४ चे २७ हंगाम त्याच हिशेबाने १,०८०. आता किंमत ठरवणारं सूत्र कितीही चांगलं असलं तरी थोडं चुकतंच. काही हंगाम योग्य किमतीपेक्षा स्वस्त बसतात. ४,८०० मध्ये अशी स्वस्त रत्नं चौपटीहून जास्त सापडणार. चाणाक्ष मालक रूथला हातही लावत नाही. प्रत्येक जागेसाठी, प्रत्येक किमतीला, सूत्र जिथे चुकलं आहे नेमका तो हंगाम उचलतो. जुन्या फ्रँचायझीला ताऱ्यांपेक्षा हा चाळा जास्त फळतो.

या चाळ्याचं ठरलेलं साधन म्हणजे छोटे हंगाम. बॉब हेझल हा मिलवॉकी ब्रेव्ह्जचा आउटफिल्डर १९५७ च्या उन्हाळ्यात खालच्या लीगमधून वर आला, ४१ सामन्यांत १३४ संधींमध्ये .४०३ मारून गेला आणि पुढच्या वर्षानंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. टेड विल्यम्स १९५३ साली कोरियन युद्धातून परतला आणि उरलेल्या हंगामात ९१ संधींत .४०७ व १३ होमरन. रँडी जॉन्सन १९९८ साली हंगाम निम्म्याहून जास्त सरल्यावर ह्यूस्टनला आला आणि ११ सामन्यांत १० जिंकून १.२८ ईआरए ठेवला. जॉन्सनच्या बाबतीत तो खरा जॉन्सनच होता; हेझलच्या बाबतीत काही आठवड्यांची भट्टी जमली होती. सिम्युलेशनला हा फरक कळत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. म्हणून खेळाडूने प्रत्यक्षात संघाच्या जितक्या वाट्यात भाग घेतला तितक्याच वाट्यापुरता त्याला खेळवायचा. ४१ सामन्यांचा हेझल १६२ सामन्यांच्या लीगमध्ये साधारण पावभर हंगाम खेळेल, मग बाकावर.

पिचरांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने बोचते. १९०८ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने ४६४ इनिंग टाकल्या आणि ४० सामने जिंकले. १६२ सामन्यांच्या हंगामात संघाला साधारण १,४५० इनिंग टाकाव्या लागतात. एकटा वॉल्श त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा उचलतो. रेजचा ब्लेक स्नेल २०१८ साली लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला: २१ विजय, १.८९ ईआरए, आणि इनिंग १८० च्या थोड्या वर. म्हणजे वॉल्शच्या निम्म्याहूनही कमी. दर इनिंगला स्नेल कमी नाही, पण त्याच्या मालकाला बाकी १,२७० इनिंगसाठी माणसं शोधायची आहेत आणि त्या माणसांचे पैसे मोजायचे आहेत. यात वॉल्श थोर आणि स्नेल किरकोळ असं काही नाही. १९०८ च्या सावकाश, मऊ चेंडूच्या बेसबॉलमध्ये इतकं टाकणं शक्य होतं, आज नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक वर्षी सर्वांत जास्त टाकणाऱ्यांच्या इनिंग एका सामाईक पातळीला, समजा २३० ला, आणायच्या आणि बाकीच्यांच्या त्याच प्रमाणात बदलायच्या. एवढ्या एका नियमाने नव्या फ्रँचायझींना जितका श्वास मिळतो, तितका कॅप वाढवून मिळत नाही.

आता रुंदीचं काय? काही लीग संघ जोडतात: १९७७ साली एकाच वेळी लीगमध्ये आलेले टोरँटो ब्लू जेज आणि सिॲटल मरिनर्स मिळून एक. काही जण यँकीजचे दोन तुकडे करतात, १९६४ पर्यंतचा एक आणि नंतरचा एक. दोन्ही मार्गांनी गणित सुधारतं. पण टोरँटोच्या माणसाला सिॲटलच्या केन ग्रिफी ज्युनियरबद्दल काय वाटणार? फ्रँचायझी लीगची सगळी गोडी आपलेपणात आहे, आणि जोडसंघात तीच निघून जाते.

मला पटणारा उपाय म्हणजे खिडकी. प्रत्येक मालकाने आपल्या फ्रँचायझीचे सलग वीस हंगाम निवडायचे, ड्राफ्टआधी (खेळाडूंच्या निवडीआधी) जाहीर करायचे, आणि खेळाडू फक्त त्यातूनच घ्यायचे. यँकीजवाल्याने १९२० ते १९३९ घेतली तर रूथ, गेरिग, बिल डिकी आणि तरुण डिमॅजिओ त्याचे. पण मँटल गेला, व्हायटी फोर्ड गेला, आणि मुख्य म्हणजे मारियानो रिवेरा गेला. रिवेरा हा सामना संपवायला येणारा रिलीव्हर, म्हणजे मधूनच येणारा बदली पिचर, आणि त्या वीस वर्षांत आजच्या अर्थाने बुलपेन, म्हणजे अशा बदली पिचरांचा ताफा, नव्हतंच. सामना सुरू करणाऱ्या पिचरनेच शक्यतो तो संपवायचा ही पद्धत होती. रिवेरा हवा असेल तर खिडकी १९९० च्या दशकात सरकवावी लागेल, आणि मग रूथवर पाणी सोडायचं. रेजवाल्याने २००५ ते २०२४ घेतली तर त्याला इव्हान लॉन्गोरिया, बेन झोब्रिस्ट, २०१२ चा डेव्हिड प्राइस, २०१८ चा स्नेल मिळतात आणि त्यांच्यामागे रिलीव्हरांची न संपणारी रांग. २०१२ चा फर्नांडो रॉडनी तर ०.६० ईआरए आणि ४८ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) घेऊन उभा आहे. दोघांच्याही टोपलीत वीसच हंगाम. स्वस्त रत्नं शोधण्याची संधी सारखी झाली, आणि तरीही यँकीज यँकीजसारखे राहिले, रेज रेजसारखे. एक संघ मारून जिंकणार, दुसरा सातव्या इनिंगनंतर दार लावून. मला समतोल हवा आहे तो असा.

खिडकी ठरवण्याआधी वारशाचा प्रश्न मात्र मिटवून ठेवायला हवा. वॉल्टर जॉन्सनने १९१३ साली वॉशिंग्टन सेनेटर्सकडून ३६ सामने जिंकले, ईआरए १.१४. तो संघ १९६१ साली मिनेसोटाला जाऊन ट्विन्स झाला. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये नवे सेनेटर्स उभे राहिले, ते १९७२ साली टेक्सासला जाऊन रेंजर्स झाले. मग २००५ साली माँट्रियलचे एक्स्पोज वॉशिंग्टनला येऊन नॅशनल्स झाले. जॉन्सन कुणाचा? वंशाने ट्विन्सचा, गावाने नॅशनल्सचा. मी वंशाच्या बाजूचा आहे, पण गावाच्या नियमानेही चांगल्या लीग चालू शकतात. नियम कोणताही असो, सगळ्यांना एकच हवा.

एक भाग असा आहे की तिथे समतोलाचं गणित पुरत नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत विसाव्या शतकातल्या मेजर लीगची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन यांनी एकही सामना त्या संघांकडून खेळला नाही. सॅचेल पेज क्लीव्हलंडला आला तो १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात निग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगना, मेजर दर्जा दिला, आणि २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. तेव्हापासून कारकिर्दीतल्या सर्वोच्च ॲव्हरेजच्या जागी टाय कॉबचं नाव नाही, तिथे .३७२ घेऊन जॉश गिब्सन आहे. १९४३ चा त्याचा हंगाम .४६६ चा.

काही जण गिब्सनला पिट्सबर्ग किंवा वॉशिंग्टनच्या मेजर लीग संघाला देऊन टाकतात, कारण त्याचे होमस्टेड ग्रेज त्या दोन्ही शहरांत खेळत. मला हे मान्य नाही. ज्या संघांनी त्याला दारात उभं केलं नाही त्यांच्या खात्यात त्याची कामगिरी का जावी? ग्रेज आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स या निग्रो लीगमधल्या संघांना स्वतंत्र फ्रँचायझी म्हणून बसवावं. मोनार्क्सचे मान्यताप्राप्त हंगाम मध्ये तुटतात, तिथे 'सलग' ही अट सोडावी. आणि छोट्या हंगामांचा नियम इथे नीट लावावा. निग्रो लीगचं अधिकृत वेळापत्रकच लहान होतं. गिब्सनचे सामने मेजर लीगच्या मापाने कमी भरतात, पण आपल्या संघाच्या सामन्यांतला त्याचा वाटा हेझलसारखा पावभर नव्हता. म्हणून संधींची संख्या न मोजता संघाच्या सामन्यांतला वाटा मोजायचा, म्हणजे गिब्सन पूर्ण हंगाम खेळतो. कमी सामन्यांमुळे आकडा फार वर गेला असं वाटलं तर लागोपाठच्या तीन हंगामांची सरासरी धरावी. आकडा थोडा खाली येतो, पण तरीही लीगमधला सर्वोत्तम कॅचर (यष्टिरक्षकासारखा) तोच असतो.

शेवटी तपासणी. पहिला हंगाम संपला, यँकीज ९३ जिंकले, रेज ७२, आणि ओरड सुरू झाली. थांबा. १६२ सामन्यांच्या हंगामात निव्वळ नशिबाने साधारण सहा विजय इकडचे तिकडे होतात. अगदी बरोबरीचा संघसुद्धा ७५ ते ८७ च्या मध्ये कुठेही दिसू शकतो, आणि दर तीन हंगामांतून एकदा त्याच्याही बाहेर. एका हंगामावरून नियम बदलणं म्हणजे फाशांशी भांडणं. संघ ठरले की लीगप्रमुखाने कॉम्प्युटरवर तोच हंगाम शंभरदा आपोआप खेळवावा आणि सरासरी पाहावी. शंभर हंगामांत नशिबाचा गोंधळ एका विजयाच्याही आत येतो. सगळे संघ ७० ते ९२ च्या दरम्यान असतील तर हात लावू नये. १९२०-३९ चे यँकीज सरासरी ९८ वर दिसले तर त्या खिडकीची कॅप थोडी उतरवून शंभर हंगाम पुन्हा चालवावेत. आणि रेज ६८ वर अडकले असतील तर त्यांना जादा पैसे देण्याआधी कॉम्प्युटर मॅनेजरचं सेटिंग उघडून पाहावं. तो स्नेलला आठव्या इनिंगपर्यंत ओढत असेल आणि रॉडनी बसून राहत असेल, तर पैशांनी काहीच सुधारणार नाही. पिचर बदलायची वेळ सहाव्या इनिंगवर आणली की बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.